मदत हवी आहे: हॉलश्टाटच्या अस्थिघरात आईला नेता येईल का?

पुढच्या महिन्यात ऑस्ट्रियात हॉलश्टाटला जातोय. तिथल्या चर्चशेजारच्या अस्थिघरात १२०० हून जास्त कवट्या आहेत, त्यातल्या ६१० रंगवलेल्या. डोंगर आणि तळ्याच्या बेचक्यातलं गाव, दफनाला जागाच नाही. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी थडगं उघडायचं, कवटी उन्हात पांढरी होऊ द्यायची आणि तिच्यावर नाव, फुलं, पानं रंगवून फळीवर मांडायची. शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवली, सोन्याच्या दातासकट!

आईला हे बघायचंच आहे (दहा दिवसांच्या आत अस्थी नदीत सोडणाऱ्या घरातली बाई, पण उत्साह माझ्याहून जास्त). गुडघे मात्र दुखतात. बोटीच्या धक्क्यापासून वर किती पायऱ्या आहेत? आत फोटो काढू देतात का? कुणी जाऊन आलंय का?