प्रतिसाद: चाळिशीत शोध का सुरू होतो

एका कादंबरीतली मुलगी चाळिशीत पोचल्यावर बेपत्ता वडिलांना शोधायला निघते, आणि हे ओढूनताणून आणलंय, असं इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. मला अजिबात तसं वाटलं नाही. माझे मामा पंचवटीतल्या घरातून भाजी आणायला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. मामेबहीण तेव्हा नऊ वर्षांची. मामी कित्येक वर्षं रात्री कडी न लावता दार नुसतं लोटून ठेवायची, आणि ही पोर वाऱ्याने दार वाजलं की उठून बसायची. विचारायचं कुणाला? मामी असेपर्यंत घरात तो विषयच निघत नसे. ती गेल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी, बहिणीने पहिल्यांदा कागद शोधायला घेतले.

सात वर्षं खबर नसेल तर माणूस मृत मानता येतो (आधी पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११), पण मृत्यूची तारीख त्यातून ठरत नाही, ती वेगळी सिद्ध करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच ते स्पष्ट केलंय. तारीख नाही म्हणजे श्राद्धाची तिथी नाही. रामकुंड हाकेच्या अंतरावर, तरी बहीण अजून सर्वपित्रीलाच पान वाढते.