फ्रान्सच्या खेड्यांतले जुने बाजार: तुमचे अनुभव सांगा

एप्रिल उजाडला की इथे चौकाचौकांत हाताने रंगवलेले फलक लागतात: अमुक गावी, रविवारी, व्हीद-ग्रनिए. म्हणजे 'माळा रिकामा करणे'. चर्चपासून शाळेपर्यंत रस्त्याच्या कडेने लोक घरातलं नको झालेलं मांडून बसतात. ब्रोकांत म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार, त्यात व्यापारी असतात, इथे घरचीच माणसं. त्यांना वर्षातून दोनदाच असं विकता येतं आणि नोंदवहीत नाव-पत्ताही द्यावा लागतो. मला हेच बाजार जास्त आवडतात. वस्तू ज्या घरात नांदली त्या घरातलं माणूस समोर असतं आणि विचारलं की भरभरून बोलतं.

मागच्या वर्षी तूर शहराजवळच्या खेड्यात लिननची जाडजूड चादर मिळाली. मागाचा पन्हा अरुंद, म्हणून मधोमध शिवण. कोपऱ्यात लाल दोऱ्याने क्रॉस स्टिचची दोन अक्षरं. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "माझ्या आईची. लग्नाआधी तिने बारा केल्या, वापरल्या चारच." आपलं रुखवतच की हे! आठ युरो सांगितले, तेवढेच दिले. घासाघीस करायला जीभ रेटेना.

तुम्हाला काय गवसलं?

नॉर्मंडीतून

व्हीलद्यो-ले-प्वाल हे तांबटांचं गाव, नावातच कढया-तवे आहेत. तिथून जवळच एका अंगणात तांब्याचं पातेलं पंधरा युरोंना घेतलं. आत काळपट डाग, कथील उडालेलं. घरी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "अगं, कल्हई गेलीय त्याची, आंबट काही शिजवू नकोस त्यात." इथेही कल्हईवाले आहेत, एतामर म्हणतात त्यांना. कल्हईला पातेल्यापेक्षा जास्त पैसे पडले, पण आता रोजची आमटी त्यातच होते. तांबं घेताना आधी हातात धरून वजन बघा, मग आत डोकवा.

लिऑंहून

लील-स्युर-ला-सोर्गचा रविवारचा बाजार बघण्यासारखा आहेच, ईस्टर आणि १५ ऑगस्टच्या सुमारास तर मोठी जत्राच भरते. पण भाव व्यापाऱ्यांचे. दुसऱ्या एका गावी मी चांदीचे म्हणून सहा चमचे घेतले आणि ते मुलामा दिलेले निघाले. फार वाईट वाटलं, कारण बायकोच्या वाढदिवसासाठी घेतले होते. तेव्हापासून खिशात भिंग असतं. १८३८ पासून फ्रेंच चांदीवर मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं ठोकलेलं असतं. शेजारचा कारागिराचा शिक्का शंकरपाळीसारखा असेल तर चांदी, चौकोनी असेल तर मुलामा. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आमियाँजवळून

आमच्या पिकार्दीत अशा बाजाराला रेदरी म्हणतात. पहाटे अंधारात विजेऱ्या घेऊन फिरतात ते व्यापारी. दुपारी आवराआवर सुरू झाली की जा, पुस्तकं जवळजवळ फुकट मिळतात. आणि वस्तूला हात लावण्याआधी 'बोंजूर' म्हणाच. त्याशिवाय कोणी धड बोलत नाही.

दोर्दोन्यहून

माझं मातीचं भांडं. वरचा अर्धा भाग हळदीसारखा पिवळा, झिलई दिलेला. खालचा कोरा, खरखरीत. मला वाटलं, काम अर्धवट राहिलं असावं. विकणाऱ्या आजोबांनी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी जमिनीत खड्डा केल्याचा अभिनय केला. बदकाचं मांस चरबीत शिजवून त्यात भरायचे आणि भांडं तळघरातल्या जमिनीत निम्मं पुरायचे, म्हणजे गार राहतं. जो भाग मातीत, त्याला झिलई कशाला? आता त्यात कैरीचं लोणचं घालते. झिलईत शिसं असू शकतं म्हणून आत काचेची बरणी ठेवली आहे, तुम्हीही ठेवा.

ओर्लेआँहून

आमच्या गावाशेजारीच ड्युरालेक्सचा, म्हणजे काचेचे पेले बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना. खोक्यात सहा पेले होते, दोन युरोंना. मी एक उलटा करून बघत होते, तर विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "किती वर्षांची झालीस?" मी गोंधळले. मग त्यांनी पेल्याच्या बुडाशी, आतल्या बाजूने दिसणारा बारीक आकडा दाखवला. तो साच्याचा क्रमांक, पण इथली पोरं शाळेच्या जेवणात तेच आपलं वय धरतात. माझा निघाला २३. त्यांनी दुसरा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि ओरडल्या, "मी सात!"