कॅनडाच्या गिऱ्हाइकाला जर्मनीत पंप विकायचेत, सुरुवात कुठनं करायची?

शिरोलीची सूनबाई

नमस्कार मंडळी. आमचं शिरोली एमआयडीसीत मशिन शॉप आहे. ओंटारिओतल्या एका पंप कंपनीला आम्ही बरीच वर्षं बॉडी आणि इम्पेलर (आतलं फिरणारं पात्यांचं चाक) पाठवतो. कास्टिंग इथल्याच फौंड्रीचं, मशिनिंग आमचं. आता त्या मालकांना जर्मनी आणि नेदरलँडमध्ये उतरायचंय. आमचा थोडा माल जर्मनीला जातो हे त्यांना ठाऊक, म्हणून म्हणतात, "कागदपत्रांचं तुम्हीच बघा, पैसे देऊ." अमेरिकेकडचं यूएल सुरक्षा सर्टिफिकेट आहे, वेबसाइट जर्मनमध्ये झाली, एजंट मिळालाय, आता युरोपात विकायला लागणारा सीईचा शिक्का कुठून मिळतो तेवढं सांगा, असा निरोप आहे. सासरे म्हणतात होय म्हणून टाक. मला धाकधूक आहे. कुणी हे काम केलंय का?

उद्यमनगरचा म्हातारा

ताई, सीई शिक्का कुणी देत नसतो. साध्या पंपाला बहुतेक वेळा बाहेरची संस्था लागतच नाही. कंपनीनं स्वतः धोके तपासायचे, टेक्निकल फाइल करायची, माल नियमात बसतो अशा डिक्लरेशनवर सही ठोकायची आणि फाइल १० वर्षं जपायची. यूएलला तिथं कुणी विचारत नाही. पैसे भरा, सीई सर्टिफिकेट घरपोच देतो, असले मेल आले तर सरळ कचऱ्यात टाका.

पण कागद राहू द्या बाजूला. एक्स्पोर्ट खात्यात माझं आयुष्य गेलं. मी आधी नेमप्लेट बघतो. कॅनडात ६० हर्ट्झ, तीन फेजला कारखान्यात बऱ्याचदा ५७५ व्होल्ट. युरोपात ५० हर्ट्झ, ४०० व्होल्ट. म्हणजे मोटर बदलणं आलं, आणि ०.७५ किलोवॅटपासून वरच्या नेहमीच्या तीन फेज मोटरला जुलै २०२१ पासून किमान आयई३ हा कार्यक्षमतेचा दर्जा सक्तीचा. तोच पंप ५० हर्ट्झवर सहा फेऱ्यांच्या जागी पाच फिरणार. पाणी सुमारे १७ टक्के कमी, हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, तर ३० टक्क्यांच्या आसपास पडतं. कॅटलॉगातला एकही आकडा खरा राहत नाही, आणि जर्मन माणूस तो आकडा मोजून बघतो. त्यात स्वच्छ पाण्याच्या पंपांना कार्यक्षमतेचा वेगळा निकष आहे: एमईआय हा निर्देशांक किमान ०.४, २०१५ पासून.

जुनं हेड हवं असेल तर इम्पेलर मोठा लागणार, कदाचित बॉडीही. म्हणजे कास्टिंगच्या साच्याचं नवं पॅटर्न. ते काम तुमच्याकडंच येईल, हे सासऱ्यांना आधी सांगा, लई खूश होतील. शिवाय ५० हर्ट्झची टेस्ट आपल्या लाइटवर इथंच करता येते.

दुसरं, आटे. त्यांच्या बॉडीला एनपीटी हा अमेरिकन पाइपचा आटा असणार, ६० अंशाचा. युरोपात बीएसपी, ५५ अंशाचा. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हीला इंचाला १४च आटे, म्हणून निप्पल दोन-तीन फेरे छान जातं. फिटरला वाटतं बसलं. टेफ्लॉन गुंडाळून आवळतो, प्रेशर आलं की टपटप सुरू. फ्लँजचंही तेच: त्यांचा ४ इंची १५० क्लास आणि युरोपचा डीएन १००, पीएन १६. दोघांना भोकं ८च, पण बोल्ट वर्तुळ एकाचं १९०.५ मिलिमीटर, दुसऱ्याचं १८०. बसणारच नाही.

पुण्यात अडकलेला कोल्हापुरी

काकांनी मालाचं सांगितलं, मी एजंटचं सांगतो. सही झाली नसेल तर थांबवा. तिकडच्या मालकांना वाटतं एजंट नको झाला की नोटीस दिली, विषय संपला. जर्मनीत करार मोडताना एजंट जास्तीत जास्त सरासरी एक वर्षाच्या कमिशनइतकी भरपाई मागू शकतो. करारात ओंटारिओचा कायदा लिहिला तरी सुटका नाही. २००० साली युरोपच्या न्यायालयानं कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीला हेच ऐकवलं. त्यापेक्षा माल विकत घेणारा आयातदार बघा. त्याचं नाव-पत्ता मालावर येतो आणि जबाबदारीचा वाटाही त्याच्याकडं जातो.

शिरोलीची सूनबाई

काका, दादा, खूप आभार. आत्ताच ड्रॉइंग काढलं, एनपीटीच आहे! आणखी एक. मालक म्हणतात कॅनडा-युरोप करार आहे, ड्युटी शून्य. खरं का?

उद्यमनगरचा म्हातारा

करार आहे. सप्टेंबर २०१७ पासून लागू. पण शून्य ड्युटी कॅनडात बनलेल्या मालाला, आणि तुमच्या पंपाची बॉडी-इम्पेलर कोल्हापूरची. जुळणी तिकडं झाली म्हणून माल कॅनडाचा होतो का, ते त्या मालाच्या कस्टम कोडला करारात जो नियम आहे त्यावर ठरतं. ते त्यांच्या कस्टम ब्रोकरकडून लेखी घ्या. पंपावरची ड्युटी तशी फार नाही, ती वाचवायला खोटं लिहून देण्यात राम नाही.

फाइल करणारच असाल तर युरोपच्या यंत्रांच्या नव्या नियमावर करा, तो २० जानेवारी २०२७ पासून लागतोय. मॅन्युअल जर्मनीत जर्मन, नेदरलँडला डच. २००६ च्या जुन्या निर्देशात तर फाइल संकलित करायला नेमलेला माणूस युरोपातच राहणारा लागतो, शिरोलीचा पत्ता चालत नाही.

आणि हे पक्कं धरा: चाचण्या, ड्रॉइंग, मोजमापाचे रिपोर्ट तुम्ही द्या, त्याचे पैसे घ्या. डिक्लरेशनवर उत्पादक म्हणून सही मात्र कॅनडाच्या मालकांचीच, तुमच्या शॉपचं नाव तिथं येता कामा नये. सासऱ्यांना होय म्हणायचंच असेल तर एवढं लिहून घेऊन म्हणू देत.