चहातली गोळी: सिस्टरने घरच्यांना साथ द्यावी की नाही?

पायी सिस्टर

गेली नऊ वर्षं मी सोलापुरात मानसिक आजार असलेल्या मोठ्या माणसांच्या घरी जाते. दवाखान्यातून सुट्टी मिळालेली, औषध सोडलेली, ओपीडीत यायचं बंद केलेली माणसं. साखर पेठ, नीलमनगर, कुंभारीकडचं विडी घरकुल. दर आठवड्याला एखाद्या तरी घरात आई मला चुलीपाशी ओढते आणि हळूच विचारते, "सिस्टर, गोळी चहात घातली तर? त्याला बोलू नका मात्र."

मी नाही म्हणते. परवा यावरूनच माझ्या सोबतच्या सिस्टरशी वाद झाला. तिचं म्हणणं, गोळी पोटात गेल्याशी मतलब, कुठल्या वाटेनं गेली ते बघू नये. मला ते पटत नाही, म्हणून इथे मांडते.

आपल्याकडे तीन भाषांची घरं आहेत. तेलुगूत औषधाला 'मंदु' म्हणतात, कन्नडमध्ये 'मद्दु'. आणि कुणी जेवणातून काही घातलं, करणी केली, त्यालाही हाच शब्द. ज्याला आजारामुळे आधीच वाटतंय की घरचे आपल्या अन्नात काहीतरी घालतात, त्याच्या अन्नात आपण खरंच घालतो. एक दादा मला म्हणाले होते, "सिस्टर, चहा कडू लागलालाय." घरात सगळे म्हणत होते, तुझा भ्रम आहे. पण तो भ्रम नव्हता. त्या घरात मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. एका घरात मुलाला लिथियम, म्हणजे मूड ताब्यात ठेवणारं औषध, चालू होतं, तो स्वतःच घ्यायचा. पुढे त्यानं सोडलं, तर घरचे जुन्याच चिठ्ठीवर आणून कुटून भाजीत घालू लागले. लांबवर हळूहळू विरघळणारी गोळी होती ती, कुटली की सगळी एकदम अंगात जाते. मे महिना, पारा बेचाळीसच्या वर, पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमागावर बारा तास. पाठ दुखली म्हणून तो गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेला, त्यांनी डायक्लोफेनॅक दिलं. घाम, कमी पाणी आणि असली वेदनाशामक गोळी, या तिन्हींनी रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या, जुलाब, हात इतके थरथरू लागले की ग्लास धरवेना. डॉक्टर विचारतात, काही औषध चालू आहे का? तो मनापासून सांगतो, नाही. खोटं तो बोलत नव्हता. वेळेवर सिव्हिलला नेलं म्हणून वाचला.

---

लहान बहीण

सिस्टर, तुमचं सगळं बरोबर असेल. पण तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास येता. बाकीचे चौदा दिवस साडेतेवीस तास आम्ही असतो.

माझा भाऊ पाच रात्री झोपला नव्हता. वडील कारखान्यात रात्रपाळीला. आई विड्या वळते, मजुरी हजार विड्यांवर, एक दिवस बसली तर त्या दिवसाचे पैसे गेले. शेजारणीवर तो धावून गेला, ती पाणी भरत होती बिचारी. लोक म्हणाले, बांधून ठेवा. मी बांधलं नाही. चहात गोळी घातली. चौथ्या दिवशी तो झोपला, आठव्या दिवशी शेजारणीला काकू म्हणाला.

मला सांगा, साखळी बरी का चहा बरा? या दोनातूनच निवडायचं होतं मला. तिसरा रस्ता माझ्या दारात आला नव्हता.

---

बार्शीचा वकील

साखळीचा विषय निघालाय म्हणून एवढंच. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला २८ माणसं साखळदंडात जळून मेली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं कुठल्याही स्वरूपात साखळी बांधायला बंदी केली. उपचाराला संमती लागते, आणि माणूस मनोरुग्ण आहे एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरता येत नाही. ती नसेल तेव्हा नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसाच्या, मदतीनं निर्णय होतो. अगदी जिवावर बेतलं तर डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतात, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीनं, आणि त्यासाठी माणूस दवाखान्यातच असला पाहिजे असंही नाही. घरात गुपचूप महिनोन्‌महिने देणं यात कुठेच बसत नाही.

---

लहान बहीण

वकीलसाहेब, ते ७२ तास मला कोणीच सांगितले नाहीत.

---

निवृत्त मेट्रन

मी बहिणीच्या बाजूनं. चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा मनोविकार वॉर्डात. पायी सिस्टर, तुम्ही जो पेशंट डोळ्यासमोर ठेवून लिहिताय तो निदान दार तरी उघडतो. जो दारच उघडत नाही, पाण्याच्या टाकीवर चढून बसतो, ज्याला आपल्याला आजार आहे हेच कळत नाही, त्याच्याशी विश्वासाचं नातं जुळेपर्यंत आजार थांबत नाही. औषधाविना गेलेला प्रत्येक महिना पुढच्या बरं होण्यातून वजा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वीस वर्षांचं पोरगं कॉलेज सोडून घरात बसतं आणि चाळिशीला पोचतं. त्याला त्याचा हक्क द्यायचाच, पण हक्क वापरायला आधी शुद्ध हवी. चहातल्या गोळीनं आधी ती शुद्ध आणा, मग त्याला सगळं सांगा, माफी मागा. मी असं केलंय, आणि पेशंटनी मला माफ केलंय.

---

साखर पेठ

मी त्या बाजूचा माणूस आहे. स्किझोफ्रेनिया, सोळा वर्षं.

मला चहातून देत होते ते भावाच्या पोरीनं बोलता बोलता सांगितलं. लहान होती, तिला गंमत वाटली. त्यानंतर सात महिने मी आईच्या हातचं काही खाल्लं नाही. अशोक चौकात गाड्यावर खायचो, पैसे नसले तर उपाशी. आई ताट झाकून ठेवायची, सकाळी गायीला घालायची. मेट्रनताई, मी आईला माफ केलं हे खरं आहे. पण ती जाईपर्यंत मी तिनं दिलेलं पाणी आधी हुंगायचो. ते गेलंच नाही माझ्यातून.

बहिणीला मी दोष देत नाही. माझ्या आईलाही तिसरा रस्ता कोणी दाखवला नव्हता.

---

मेडिकलवाला, सात रस्ता

भावना बाजूला ठेवून कामाचं सांगतो, कारण काउंटरवर रोज कोणीतरी विचारतं, "बिनवासाची गोळी द्या, कळली नाही पाहिजे."

रिस्पेरिडोन या भ्रम-भासावरच्या औषधाचं पातळ रूप मिळतं, तेच बहुतेक जण चहात घालतात. पण ते चहात आणि कोला पेयात चालत नाही, कंपनीच्या माहितीपत्रकातच तसं आहे. पाणी, दूध, कॉफी चालते.

कुठलीही गोळी विचारल्याशिवाय कुटू नका.

आणि विडी. ओलान्झापिन, क्लोझापिन ही अशीच औषधं घेणारा विडी-सिगारेट ओढत असेल तर औषध शरीरातून लवकर निघून जातं. विडी सुटली की तोच डोस जड होतो, माणूस दिवसभर गुंगीत राहतो. ज्याला आपण औषध घेतोय हे ठाऊकच नाही, तो डॉक्टरांना काय सांगणार?

---

पायी सिस्टर

साखर पेठ, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

मेट्रनताई, ज्याला काहीच कळत नाही त्याच्यासाठी मी घाई करते, थांबत नाही. डॉक्टरांना घरी आणते, नाही जमलं तर दाखल करायला लावते. उघडपणे. तो चिडतो, मला शिव्या देतो. पण मला ओळखतो आणि मी काय केलं ते त्याला माहीत असतं. पुढच्या वेळी भांडायला का होईना, दार उघडतो.

आणि 'औषध नको' म्हणणाऱ्यातले किती जण आजारामुळे नाही म्हणतात? एक विणकर दादा तीनदा औषध सोडून तीनदा सिव्हिलला दाखल झाले. सगळे म्हणायचे, ऐकतच नाही. मी त्यांच्या मागाशेजारी जाऊन उभी राहिले. धागा तुटला की त्यांची बोटं आखडायची, गाठ मारायला जमायचं नाही, माग थांबलेला. मजुरी विणलेल्या मालावर. ते औषधाला नाही म्हणत नव्हते, आखडलेल्या बोटांना नाही म्हणत होते. डॉक्टरांनी डोस कमी केला, आखडण्यावर दुसरी गोळी दिली. आज ते स्वतः पाकीट मागून घेतात. पुरुषमाणसाला सांगायला लाज वाटेल असेही त्रास असतात या औषधांचे, ते मी आपणहून विचारते, बायको समोर नसताना. रोज गोळी नको वाटणाऱ्याला महिन्याचं इंजेक्शन असतं, तेही त्याच्या होकारानं. चहात घालून दिलं की यातलं काहीच आपल्याला कळत नाही.

बहीण, एक मान्य करते. आमची संख्या फार कमी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला, पण अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात तुमच्या दारापर्यंत वेळेवर कोणी पोचलं नाही, हा तुमचा दोष नाही. मी वर 'मी नाही म्हणते' असं ज्या ठामपणानं लिहिलं, ते तुम्हाला उद्देशून म्हणता येणार नाही.

---

निवृत्त मेट्रन

विणकराचं पटलं. तरी मी माझ्या मतावर आहे. टाकीवर बसलेल्याला मी आजही चहा पाजीन.

---

लहान बहीण

माझा भाऊ आत्ता शेजारच्या खोलीत आहे, म्हणून मोबाईलचा उजेड बारीक करून लिहितेय. आज रात्रीही मी औषध घालणार आहे. खोटं नाही सांगत. पण चहात नाही, पाण्यात. आणि साखर पेठ दादा, तुम्हाला एक विचारते. आईनं स्वतःहून सांगितलं असतं तर?

---

साखर पेठ

तर मी खूप ओरडलो असतो. दोन दिवस घराबाहेर राहिलो असतो. पण परत येऊन तिच्याच हातचं जेवलो असतो, असं वाटतं मला.

---

पायी सिस्टर

बहीण, पाण्यात देताय तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. पुढच्या तारखेला भाऊ नसला तरी तुम्ही जा आणि सरळ सांगा, लपवून देतोय, कधीपासून देतोय, किती देतोय. ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ झालं, किंवा भलतंच बरळू लागला, तर तारखेची वाट न बघता तडक सिव्हिल. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

आणि त्याला सांगायचं ठरवाल तेव्हा एकट्यानं सांगू नका. मला मेसेज करा. तो जागा असेल, जेवलेला असेल अशी वेळ सांगा, मी येऊन बसते.