कबड्डीचा पंच व्हायचंय, सुरुवात कुठून करावी?

काळी_माती (परभणी):
धाकटा भाऊ बी.पी.एड. झालाय, त्याला कबड्डीत पंच म्हणून पुढं जायचंय. नियम पाठ आहेत. परीक्षेत नेमकं काय बघतात, यावर घर चालतं का, आणि नवे पंच कुठं फसतात? जाणकारांनी सांगावं.

निदान_रेषा (अंबाजोगाई):
घर चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च, एवढंच. म्हणून बहुतेक पंच क्रीडाशिक्षक नाहीतर नोकरदार असतात.

जिल्हा संघटनेत नाव नोंदवा, मग राज्य संघटनेची पंच परीक्षा द्या. लेखी, तोंडी आणि मैदानावरची. पाठांतरवाले तिसरीत गळतात. दरम्यान 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या शालेय स्पर्धांना हात लावा, तिथं माणसं कायम कमी असतात.

पण लगेच शिट्टी मागू नका. आधी सहाय्यक गुणलेखक म्हणून अंतिम रेषेजवळ बसा. बाद झालेल्यांचा क्रम लिहायचा. जो आधी बाद, तोच आधी परत मैदानात. बोनसच्या गुणावर कुणीही आत येत नाही, अव्वल पकडीच्या (मैदानात तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीच्या) जादा गुणावरही नाही. इथं एक नाव चुकलं की पाच मिनिटांनी मैदानावर आठवा गडी उभा असतो आणि मग भांडण तुमच्या वहीपाशी येतं.

हलगी (औसा):
बोनसचं सांगतो, सगळ्यात जास्त ओरड तिथंच. समोर किमान 6 गडी हवेत, पुढचा पाय बोनस रेषेपलीकडं टेकलेला आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत. नवा पंच पुढच्या पायाकडंच बघत राहतो, मागचा निसटतो. नजर मागच्या टाचेवर ठेवावी, पुढचा पाय कडेनं दिसतोच.

मातीच्या मैदानावर आणखी एक गोम. फक्कीची रेघ दहा मिनिटांत पुसते आणि नेमकी बोनसचीच पुसते, कारण सगळी पावलं तिथंच घासतात. मध्यंतराच्या 5 मिनिटांत फक्की पुन्हा मारून घ्या, अंदाजानं नाही, टेप लावून. पुरुषांत मध्यरेषेपासून निदान रेषा, म्हणजे चढाईवाल्यानं ओलांडायचीच ती रेघ, 3.75 मीटर, तिच्यापुढं 1 मीटरवर बोनस.

जत्रेतल्या सामन्यात हलगी आणि भोंग्यापुढं दम, म्हणजे चढाईतलं 'कबड्डी कबड्डी', ऐकूच येत नाही. चढाईच्या बाजूला सरकून ओठ बघायचे. दम मध्यरेषा ओलांडायच्या आधी सुरू हवा. उशिरा लागला तर चढाई परत, समोरच्यांना एक गुण आणि चढाईची पाळी.

राखीव_क्षेत्र (जालना):
वरचं सगळं बरोबर, पण मुद्द्याचं राहिलं. आजची पोरं नियम टीव्हीवर शिकतात. प्रो कबड्डी 2014 पासून सुरू आहे, तिचे काही नियम वेगळे, आणि स्पर्धा कोणत्या पुस्तकावर चाललीय हे नाणेफेकीआधीच ठरलेलं हवं.

हांगझोच्या एशियाडचा पुरुष अंतिम सामना आठवा, 7 ऑक्टोबर 2023, भारत विरुद्ध इराण, 28-28. पवन सेहरावत तिसऱ्या, म्हणजे निर्णायक चढाईत कुणाला न शिवता राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि इराणचे गडी त्याच्यामागं घुसले. जुन्या नियमानं मागं गेलेलेही बाद, नव्यानं फक्त चढाईवाला. निर्णय फिरत राहिले, खेळ जवळपास तासभर थांबला. शेवटी भारत 33-29. तिथं हे होतं, तर तालुक्याला काय होईल!

आणि निर्णय कुणाचा, हेही पक्कं ठेवा. बाजूचे दोन पंच निर्णय देतात. दोघांत मतभेद झाला तरच सरपंच, म्हणजे मुख्य पंच, मध्ये पडतो. प्रत्येक शिवण्यावर हात वर करणारा सरपंच दोन्ही पंचांना लुळं करून टाकतो.

काळी_माती:
आभार. मुलींचे सामनेही त्याच मैदानावर होतात, तेव्हा रेषा कशा आखायच्या?

हलगी:
महिलांचं मैदान 12 बाय 8, निदान रेषा 3 मीटरवर, 15-15 मिनिटांचे डाव. पुरुषांचं 13 बाय 10, डाव 20-20. दोन्ही रेघा एकाच वेळी ठेवू नका दादा, चढाईत फसगत होते. आधी मुलींचे सगळे सामने उरकून घ्या, जुनी फक्की खराट्यानं पूर्ण झाडा, पाणी शिंपडा, मग दुसरी आखणी. कुमार गट असेल तर वजनकाटा सकाळीच मांडा, मुलांना 70 किलोची मर्यादा आहे. दुपारी जेवणानंतर वजन घेतलं तर निम्मे संघ काट्यापाशीच भांडत बसतात.