वाचनकट्टा ग्रुप, कोलशेत रोड: गोंडोलिन टिकलं असतं का?

सी-1102: टॉल्किनच्या 'द सिल्मरिलियन'मधल्या गोंडोलिनचा, एल्फांच्या त्या लपलेल्या शहराचा विषय रविवारी क्लबहाउस रिकामं करायची वेळ झाली म्हणून अर्धवट राहिला. बहुतेकांचं म्हणणं पडलं की तिथल्या तुर्गोन राजाने समुद्रदेव उल्मोचा निरोप ऐकून शहर सोडायला हवं होतं. मला नाही पटत. राजाचा भाचा माएग्लिन हुकूम मोडून खनिजं शोधायला डोंगराबाहेर गेला, एल्फांचा वैरी मोर्गोथ याच्या हाती सापडला आणि त्याने वाट सांगितली. तो फितूर झाला नसता तर गोंडोलिन कायम टिकलं असतं.

ए-303: ताईंना अनुमोदन 👍 चहूबाजूंनी डोंगर, आत यायला एकच वाट, तिच्यावर सात दरवाजे, वरून गरुडांचा पहारा. मोर्गोथला जवळजवळ चारशे वर्षं पत्ता लागला नाही. अजून काय पाहिजे?

बी-704: चारशे वर्षं पत्ता लागला नाही हे खरंच. पण त्या काळात बाहेर काय चाललं होतं तेही बघा ना. शहर पूर्ण झालं 116 साली (सालं पुस्तकातल्या पहिल्या युगाची). तेव्हा बाहेरचे एल्फ, म्हणजे तुर्गोनचा बाप फिंगोल्फिन आणि फेआनोरची मुलं, मोर्गोथच्या आंगबांद गढीला वेढा घालून बसले होते. मोर्गोथ स्वतःच्याच गढीत कोंडलेला. 455 ला त्याने आगीचे लोट सोडून वेढा मोडला. 472 ला एल्फ आणि माणसांची मोर्गोथशी निर्नाएथची लढाई झाली, त्यात तुर्गोन दहा हजारांची फौज घेऊन उतरला तरी दाणादाण उडाली. 495 ला नार्गोथ्रोंद पडलं, मग डोरिआथ उद्ध्वस्त झालं (ही दोन्ही एल्फांचीच लपलेली राज्यं), 510 ला गोंडोलिन. म्हणजे वेढा उठल्यापासून अवघ्या 55 वर्षांत खेळ खलास. डोंगर तेच होते, दरवाजे उलट वाढलेच असतील. बाहेर लढून मोर्गोथला गुंतवून ठेवणारे तेवढे उरले नाहीत. लपलेलं राज्य इतकी वर्षं जगलं ते दुसऱ्यांच्या रक्तावर, आणि हे टॉल्किनने फार स्वच्छ दाखवलंय असं मला वाटतं.

ए-303: पण पत्ता लागला तो फितुरीनेच ना?

बी-704: नेमका रस्ता फितुरीने कळला. पण कुठल्या भागात शोधायचं हे आधीच कळलं होतं, आणि ते एका मित्राकडून. हूरिन आठवा, एल्फांच्या बाजूने लढलेला माणूस. निर्नाएथमध्ये तो आणि त्याचा भाऊ मागे पाय रोवून उभे राहिले म्हणून तुर्गोन जिवंत घरी पोचला. हूरिनने 28 वर्षं मोर्गोथची कैद भोगली, पण गोंडोलिनबद्दल चकार शब्द काढला नाही. सुटल्यावर म्हातारा त्या डोंगरांच्या पायथ्याशी आला. वाट बंद. वर कडे, आणि उत्तर द्यायला कोणी नाही. तिथे उभं राहून त्याने तुर्गोनला नावाने हाक मारली, आणि मागावरच्या हेरांनी ती ऐकली. गरुडांनी राजाला वर्दी दिली होती, पण राजा विचार करत बसला. मन बदलून त्याने गरुड पाठवले तोवर हूरिन निघून गेला होता. मला हा भाग वाचताना दर वेळी भरून येतं. ज्याच्या जिवावर आपण वाचलो त्याला दार उघडायचं की नाही, याचा विचार करावा लागतो, तिथेच ते राज्य आतून खचलेलं असतं.

डी-606: मंडळी, म्हातारा जरा इतिहासात शिरतो. मग जंजिरा कसा टिकला? संभाजी महाराजांनी 1682 मध्ये किनाऱ्यापासून दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता. तरी किल्ला हाती आला नाही.

बी-704: काका, जंजिरा एकटा होताच कुठे? समुद्र त्याला मोकळा होता आणि मुघलांचा हात पाठीशी होता. त्याच सुमारास औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला म्हणून महाराजांना तिकडे वळावं लागलं. आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर वसई. तटबंदी भक्कम, पोर्तुगीज चिवट. पण 1737 ला ठाणे आणि साष्टी गेली, मग एकेक ठाणं गेलं, गोव्यात मराठी फौजा घुसल्या म्हणून तिकडून कुमक येईना. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांपुढे वसई उतरली. आज जिथे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे तो किल्ला आधी पडला, हे वसईला फार महागात गेलं.

डी-606: हे पटलं. कुमक तुटली की तट कितीही जाड असो.

सी-1102: मग राजाने शहर सोडलं असतं तर काय वाचलं असतं? सगळे उघड्यावर येऊन मेले असते.

बी-704: बरेच मेले असते, मान्य. गोंडोलिन हे शहर वाचणं शक्यच नव्हतं असं माझं मत आहे. माणसं वाचवणं शक्य होतं, आणि ते एकटीने ओळखलं, इद्रिलने. राजाची मुलगी असून बापाला न सांगता तिने गुप्त वाट खणून घेतली. पहाट व्हायची वाट बघत सगळे उत्सवासाठी तटावर जमले होते, तेव्हा हल्ला झाला. त्या वाटेने जे निघाले त्यांत तिचा सात वर्षांचा मुलगा होता, एआरेंदिल. पुढे तोच समुद्र ओलांडून पश्चिमेला गेला, तिथल्या देवांकडे मदत मागितली, आणि तिकडून आलेल्या फौजेने मोर्गोथला संपवलं. शेवटी मदत बाहेरूनच आली ताई.

ए-303: इद्रिलचा मुद्दा रविवारी कोणी काढलाच नाही 🙏

सी-1102: इद्रिलबद्दल शंभर टक्के. डोरिआथवर मात्र मी अडून बसणार. राणी मेलिआनचं जादूचं कडं राज्याभोवती होतं तोवर मोर्गोथची फौज आत आली नाही. म्हणजे लपून राहणं जमतं.

बी-704: फौज आली नाही, पण तिथला राजा थिंगोल स्वतःच्या महालात रत्नाच्या भांडणात खुजांच्या (ड्वार्फ कारागिरांच्या) हातून मेला. मेलिआन निघून गेली, तिच्याबरोबर कडंही गेलं. मोर्गोथला तिकडे बोटही उचलावं लागलं नाही.

सी-1102: तेच तर म्हणतेय, तो दोष थिंगोलचा, कड्याचा नव्हे. येत्या रविवारी डोरिआथच घ्या. मी थिंगोलची पानं काढून आणते.