वॉड, पॅच, बोळा: ठासणीच्या बंदुकीत नेमकं काय घालतात?

अनुवादिनी
जुन्या बंदुकांवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. आटे नसलेल्या, सपाट नळीच्या ठासणीच्या बंदुकीत (म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या) दारूवर काय ठेवायचं आणि गोळी कोणत्या मापाची घ्यायची, असा विषय. 'गज' (ठासायची सळई), 'रंजक' (बार पेटवायची दारू), 'चाप' इथवर निभावलं, पुढे अडले. लेखकाकडे तीन वेगळ्या वस्तू आहेत. दारू आणि शिसं यांच्यामध्ये बसतो तो जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, वॉड. गोळीभोवती गुंडाळतात ते तेलकट कापड म्हणजे पॅच. आणि छर्रे भरले असतील तर ते घरंगळून बाहेर येऊ नयेत म्हणून सगळ्यात वर पुठ्ठ्याची पातळ चकती, तिला तो कार्ड म्हणतो. मी तिन्ही ठिकाणी 'बोळा' लिहिलं. शेजारचे काका बेळगावजवळच्या खानापूरकडचे, वाचून म्हणाले, "बोळा मोरीत घालतात, बंदुकीत नाही." मग बंदुकीत काय घालतात, हे मात्र त्यांना सांगता येईना.

जांबोटीवाला
काकांना सांगा, बंदुकीतही घालतात. आमच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, डुकरं हाकलायला. घरात शब्द बोळाच. नारळाचा काथ्या चुरगाळून केलेला तो 'खालचा बोळा', चिंधीचा तो 'वरचा बोळा'. खालचा गजाने ठासून बसवायचा, वरचा नुसता अडकण्यापुरता. घाई केली की आजोबा ओरडायचे, "बोळा न घालताच गोळी सोडूलालास काय रे?" खालचा-वरचा म्हटलं की संपलं. तीन शब्द कशाला पाहिजेत?

शब्दकिडा
कारण कामं तीन आहेत, जांबोटीवाले. खालचा बोळा धूर आणि दाब अडवतो, म्हणजे सगळा जोर गोळीच्या पाठीशी लागतो. वरचा फक्त माल धरून ठेवतो. तो जाड केला तर उलट छर्रे विस्कटतात. आणि पॅच ही भानगडच निराळी. गोळी नळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान घेतात, कारण दोन-चार बार झाले की नळीत काजळी धरते आणि घट्ट मापाची गोळी मध्येच अडकते. उरलेली फट ते कापड भरून काढतं. 'बोळा'ने हे कसं कळणार?

माझं मत: वॉडला बूच. हा शब्द पोर्तुगीज 'बुचा'वरून आला, आणि पोर्तुगीजमध्ये बंदुकीतल्या वॉडलासुद्धा हाच शब्द आहे. गोवा तुमच्या उंबऱ्याशी. म्हणजे बूच बंदुकीतून बाटलीत गेलं असणार!

मराठीअभिमानी
परत पोर्तुगीज. आपल्या भाषेत शब्द मेले आहेत का? 'दट्ट्या' आहे. 'गुडदी' आहे. पॅचला 'गवसणी' म्हणा. गोळीला गवसणी घातली, किती छान वाटतं! चकतीला 'पिधान', म्हणजे झाकण, चालेल.

जांबोटीवाला
पिधान म्हणणारा एक शिकारी दाखवा, मी त्याला स्वखर्चाने कुंदा खाऊ घालतो.

माजी_कॅडेट
पॅचचं उत्तर सोपं आहे: चिंदी. एनसीसीत रायफल साफ करायला फुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदी मिळायची. साफ करायची चिंदी ४ बाय २ इंच, तेल लावायची ४ बाय दीड. उस्ताद लोक कुठल्याही प्रांताचे असोत, शब्द चिंदीच. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर आहे, कुणालाही विचारा.

अनुवादिनी
पण ती पुसायची झाली. माझी गोळीबरोबर उडणारी आहे.

माजी_कॅडेट
इंग्रजीत तरी कुठे फरक करतात? पुसायचाही पॅच, गुंडाळायचाही पॅच. त्यांना चालतं, आपल्यालाच का खटकतं?

शब्दकिडा
मुद्दा बरोबर आहे. फक्त मराठीत चिंदी किंवा चिंधी म्हटलं की फाटकी, मळकी डोळ्यांसमोर येते. लेखातलं कापड मापात कापलेलं, चरबी चोळलेलं, विणीचं घट्ट असणार. विरविरीत असेल तर बारातच जळून जाईल. 'तेलकट फडकं' म्हणा फार तर.

कोल्हापुरी_मिरची
मूळ शब्दावरच प्रश्न आहे. 'ठासणीची बंदूक' का? गडचिरोलीच्या बातम्यांत 'भरमार बंदूक' येतं. तेच लिहा, सगळ्या महाराष्ट्राला कळेल.

जांबोटीवाला
सगळ्या महाराष्ट्राला कळावं म्हणून कर्नाटकातल्या माणसाने हिंदी शब्द घ्यायचा, व्वा! आमच्याकडे, चंदगडला, खाली सिंधुदुर्गात ठासणीचीच. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची तीसुद्धा ठासणीचीच. 'ठासून भरलंय', 'ठासून सांगितलं' हे कुठून आलं असं वाटतं?

कोल्हापुरी_मिरची
ठासणे क्रियापद बंदुकीच्या आधीचं आहे. पोतंही ठासूनच भरतात.

निपाणीकर
बंदुकीतून आलेला खरा शब्द म्हणजे 'बार'. बार भरला, बार काढला, फुसका बार, लग्नाचा बार उडवला. आणि आमच्या गावचा लाडका: तंबाखूचा बार! चुना लावून मळायची, चिमूट ओठात ठासायची. बघा, क्रियापदसुद्धा तेच. ताई, तुमच्या लेखात 'लोड' जिथे जिथे असेल तिथे 'बार' लिहा. गोळीचा बार, छऱ्यांचा बार.

अनुवादिनी
हे घेतलं! 'गोळीचा बार' फारच नीट बसतं. आता ते कार्ड...

मराठीअभिमानी
बार हा शब्द फारसी आहे. ओझं.

निपाणीकर
मग तंबाखू कोणती संस्कृत आहे?

घटप्रभाकाठ
मी घरी कन्नड, शाळेत मराठी. एक गंमत सांगतो. कन्नडमध्ये बंदुकीच्या दारूला 'मद्दु' म्हणतात, आणि मद्दु म्हणजे औषध. लहानपणी वाटायचं हे आमचंच खूळ. मग मराठीतला 'दवादारू' आठवला. फारसीत दारू म्हणजे औषधच. तमिळमध्ये 'मरुंदु'चं तसंच, आणि चिनी शब्दाचा अर्थ म्हणे अग्नी-औषध. सगळ्यांनी बंदुकीत औषधच भरलं आहे. प्यायची दारू मात्र तुम्ही मराठी लोकांनी त्यात घातली.

शब्दकिडा
वा! आणि गोळीही औषधाची. वैद्यबुवांनी सगळा कारखाना थाटलेला दिसतो.

कोल्हापुरी_मिरची
कन्नडमध्ये गोळीला 'गुंडु' ना? आपला 'गुंडा' म्हणजे गोल दगड, तो तिकडून आला असेल?

मराठीअभिमानी
किंवा इकडून तिकडे गेला असेल. दर वेळी आपणच उसनवारी केली असं का धरायचं?

घटप्रभाकाठ
सीमाप्रश्न इथे नको हो. शब्दाला परवाना लागत नाही, बंदुकीला लागतो.

हिरवा_सह्याद्री
माफ करा, पण ही चर्चा शिकारीकडे चालली आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे आणि खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे.

अनुवादिनी
शिकार नाही हो, जुन्या बंदुकांच्या छंदावरचा परदेशी लेख आहे. त्यातलं एक वाक्य सांगते, त्यावरून शब्दाचं महत्त्व कळेल. गोळी दारूला टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून गजावर खूण करून ठेवतात: रिकामी नळी असेल तर गज इथवर, भरलेली असेल तर तिथवर. हे वाचणाऱ्याने वॉड आणि कार्ड यांत घोटाळा करून चालणार नाही.

जांबोटीवाला
गजावरची खूण आमच्याकडेही होती, विळ्याने केलेली. ताई, 'दारूवरचा बोळा' आणि 'तोंडाचा बोळा' करा. तोंडाचा म्हणजे नळीच्या तोंडाकडचा.

निपाणीकर
तोंडाचा बोळा म्हणजे आमच्याकडे परत तंबाखूच.

माजी_कॅडेट
१२ बोअरचं भाषांतर कसं करणार आहात? तो आकडा म्हणजे नळीच्या मापाच्या किती गोळ्या एक पौंड शिशात होतात ते. १२ बोअर म्हणजे बारा गोळ्या, एकेक साधारण ३८ ग्रॅमची. म्हणून १६ बोअरची नळी १२ पेक्षा बारीक. लोक उलटं समजतात.

कोल्हापुरी_मिरची
बोअर बोअरच ठेवा. पाण्याचं बोअर मारलं तेव्हा कुणी मराठी शब्द शोधला नाही.

मराठीअभिमानी
विंधनविहीर.

कोल्हापुरी_मिरची
सरकारी फलकावर. गावात कोण म्हणतं?

अनुवादिनी
मंडळी, कार्ड? 'चकती' लिहू का?

शब्दकिडा
मी अजून बूचवर ठाम आहे. काडतूसही पोर्तुगीज, 'कार्तुचो'वरून. बंदुकीबरोबर तिची शब्दसंपत्तीही किनाऱ्यावर उतरली.

घटप्रभाकाठ
मग 'बुचा'चा च राहिला आणि 'कार्तुचो'च्या च चा स का झाला? एकाच गलबतातून आलेले शब्द ना?

शब्दकिडा
वेगवेगळ्या काळात आले असतील. किंवा काडतूस फ्रेंच 'कार्तूश'वरून असेल, श चा स सहज होतो.

मराठीअभिमानी
म्हणजे आता फ्रेंचसुद्धा!

जांबोटीवाला
बूच लिहायचंच असेल तर आधी कॉलेजच्या पोरांना वाचायला द्या. "नळीत बूच बसवला" वाचून हसून लोळतील.

निपाणीकर
आमच्या शाळेच्या आवारात बुचाचं झाड होतं, पांढऱ्या लांब दांड्याच्या फुलांचं. पोरी वेण्या करायच्या. त्या झाडाचा आणि बुचाचा काय संबंध?

शब्दकिडा
साल. खऱ्या बुचाच्या जागी हलक्या प्रतीचं बूच म्हणून ती वापरत. इंग्रजीतही त्याला भारतीय कॉर्कचं झाडच म्हणतात.

मराठीअभिमानी
त्याला आपल्याकडे आकाशनिंब म्हणतात. पोर्तुगीज यायच्या आधीपासून.

घटप्रभाकाठ
ते झाड मूळचं ब्रह्मदेशाकडचं ना? मग आधीपासून कसं?